ढवळणारा हात



नवियाचा सण जवळ आला की आमच्या घरात दरवर्षी एकच वाद होतो. हलवा कोण ढवळणार? सामान आणायला सगळे तयार, खायला तर शेजारीपाजारीही तयार. पण गव्हाचा चीक, नारळाचं दूध आणि साखर एकदा पातेल्यात पडली की गॅससमोर तास-दोन तास उभं राहायला कोणी मिळत नाही. गेल्या सणाला हे काम आमच्या तेरा वर्षांच्या नातवाच्या गळ्यात पडलं. त्याने आधी विचारलं, "साव्ता, किती मिनिटं लागतात? मी फोनवर टायमर लावतो." साव्ता म्हणाली, "बाळा, टायमर लावून हलवा होत नाही. ढवळत राहा, तो सांगेल."

पोराने अर्धा तास ढवळलं. काही नाही, नुसतं पांढरं पाणी. पाऊण तास झाला, तरी तेच. मग फोन वाजला, तो दोन मिनिटं बाजूला गेला आणि परत येतो तर पातेल्याच्या तळाला करपलेला थर. वरचं मिश्रण गुठळ्या गुठळ्या. साव्ताने डोक्याला हात लावला. पण पोराने जो प्रश्न विचारला तो आमच्या मनात घर करून बसला. तो म्हणाला, "पाऊण तास काहीच झालं नाही, मग दोन मिनिटांत सगळं कसं झालं? गॅस तर मी वाढवलाच नव्हता!"

वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही थेट जपानला जाऊन पोहोचलो. विमानाने नव्हे, वाचनाने. आमच्या वयात तोच प्रवास परवडतो.

आधी पोराचं उत्तर. भाताचा हिशेब सरळ असतो. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, दोन वाट्यांना चार. दुप्पट केलं की दुप्पट. कागदावर आलेख काढला तर सरळ रेषा येते, म्हणून गणितवाले याला रेषीय म्हणतात. हलव्याचं तसं नाही. चीक पातळ असतो तोवर खालची उष्णता सहज वर फिरते. पण एका ठराविक उष्णतेला पिठाचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि सगळं मिश्रण घट्ट होतं. घट्ट झालं की उष्णता वर जाईना, ती तळाशीच साठते, तळ आणखी तापतो. गॅस तोच, पातेलं तेच, पण आतला पदार्थ आता पहिला राहिलेला नाही. आधीच्या पाऊण तासाचा अनुभव इथे उपयोगाचा नाही. मुलांनो, असाच प्रकार तुम्ही दुधात लिंबू पिळून बघू शकता. आईला विचारून, कपभर कोमट दुधात थेंब थेंब रस टाका. पहिले काही थेंब दूध जसंच्या तसं, आणि मग एखाद-दुसऱ्या थेंबाने सगळं फाटतं. शेवटच्या थेंबात काही जादू नसते, पण वेळ त्याच्यावर येते.

रासायनिक कारखाना म्हणजे असाच हलवा, फक्त पातेलं तीन-चार मजली आणि आत नारळाच्या दुधाऐवजी पेट घेणारे द्रव.

मुंबईची मंडळी माहुल-ट्रॉम्बेच्या बाजूला गेलेली असतील, किंवा इथे हायफाच्या खाडीजवळून बसने जाताना खिडकीतून बघितलं असेल: उंचच उंच, बारीक, चंदेरी टॉवर. त्यातले बरेचसे ऊर्ध्वपातनाचे टॉवर असतात. दोन द्रव एकमेकांत मिसळलेले असतील तर तापवल्यावर हलका आधी वाफ होऊन वर जातो, जड खाली राहतो, आणि वरची वाफ थंड करून परत द्रव करायची. कोकणातल्या मंडळींना भट्टी समजावून सांगायला नको. (आम्ही अर्थात ऐकीव माहितीवर बोलतो आहोत.) टॉवरमध्ये हेच काम एकावर एक रचलेल्या अनेक थाळ्यांवर पुन्हा पुन्हा होतं. खालून वाफेची उष्णता द्यायची, वरून थंड करायचं, मधे वाफ वर चढते आणि द्रव खाली उतरतो.

आता खालची उष्णता थोडी वाढवली तर माल जास्त शुद्ध होतो. आणखी वाढवली तर आणखी थोडा शुद्ध, पण पहिल्याइतका फरक पडत नाही. नव्वद टक्क्यांवरून पंचाण्णववर जाणं सोपं, नव्व्याण्णववरून साडेनव्व्याण्णववर जायला घाम फुटतो. आणि तरीही उष्णता वाढवतच राहिलात तर वाफेचा जोर एवढा होतो की वरून येणारा द्रव खाली उतरूच शकत नाही. टॉवर तुंबतो. शुद्ध होता होता माल एकदम बिघडतो. म्हणजे तोच व्हॉल्व्ह उघडला की सकाळी फायदा, दुपारी काही नाही, आणि संध्याकाळी नुकसान. याला म्हणतात सरळ रेषेत न चालणारी प्रक्रिया, अरेषीय प्रक्रिया.

शिवाय उशीर असतो. हिवाळ्यात आंघोळीला आपण दूद शेमेशचा नळ उघडतो. पाणी गार येतं म्हणून गरम नळ वाढवतो. तरी गार. आणखी वाढवतो. मग पाइपातलं गरम पाणी पोहोचतं आणि आपण ओरडून बाजूला होतो, लगेच गार नळ पूर्ण उघडतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा कुडकुडतो. चूक नळाची नाही, आपली. आपण आत्ताच्या पाण्याकडे बघून हात फिरवला, वाटेत असलेल्या पाण्याचा विचार केला नाही.

कारखान्यांत गेली ऐंशी-नव्वद वर्षं एक साधा नियंत्रक वापरला जातो. त्याचं नाव पीआयडी. तो तीन गोष्टी बघतो: आत्ता किती चुकलं आहे, आतापर्यंत एकूण किती चुकत आलं, आणि चूक किती वेगाने वाढते आहे. त्याप्रमाणे तो व्हॉल्व्ह फिरवतो. झीगलर आणि निकोल्स या दोन अमेरिकन इंजिनियरांनी १९४२ साली तो कसा जुळवून घ्यायचा याचे नियम सांगितले, ते आजही शिकवले जातात. पुढे १९७०च्या दशकात अमेरिका आणि फ्रान्समध्ये त्याहून हुशार रीत निघाली. संगणकात प्रक्रियेचं गणिती मॉडेल ठेवायचं, पुढच्या काही मिनिटांत किंवा तासांत काय होईल ते आधी हिशेबाने बघायचं, आणि मग हात हलवायचा. कॅरम खेळताना चांगला खेळाडू एका सोंगटीचा नाही, पुढच्या तीन सोंगट्यांचा विचार करतो ना, तसं. पण खेळतो एकच फटका. मग बोर्ड पुन्हा बघतो, पुन्हा विचार करतो.

अडचण अशी की ही मॉडेलं बहुतेक सरळ रेषेची असत. नेहमीच्या परिस्थितीत ती उत्तम चालत आणि अजूनही चालतात. पण पाऊस आला, कच्चा माल बदलला, कारखाना बंद करून पुन्हा सुरू करायचा झाला, की रेषा वाकते आणि मॉडेल चुकतं. खरीखुरी वाकडी मॉडेलं लिहिता येत नाहीत असं नाही. पण ती लिहायला कठीण, आणि त्यांचं गणित पुढचा फटका मारायच्या आत सुटायला पाहिजे.

मग अशा वेळी काय करत? माणसाला बोलावत.

इथे आम्हाला आमच्या एका काकांची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. ते मुंबईहून आले ते थेट दक्षिणेकडच्या वस्तीत, आणि तिथल्या एका रासायनिक कारखान्यात बावीस वर्षं पाळीवर काम केलं. हिब्रू शेवटपर्यंत मोडकंतोडकं, पण कंट्रोल रूममध्ये त्यांचा शब्द चाले. काका सांगत, "सगळ्या सुया जागेवर असतात, तरी मला कळायचं की आता हा बिघडणार." कसं कळायचं? पंपाचा आवाज, पाइपावर ठेवलेला हात, बाहेरचा वारा. त्यांनी एक व्हॉल्व्ह फिरवला की मोजून चहा होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचे नाहीत. नवीन पोरं घाई करत, काका त्यांचा हात धरून ठेवत.

आपल्याकडे हे नवीन नाही. आपले वाडवडील कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. घाण्यावर बसलेल्या माणसाला घड्याळ लागत नसे. बैल ओढतो कसा आणि लाट कुरकुरते कशी, यावरून त्याला समजायचं की तेल सुटायला लागलं. पण हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. काकांचंही कोणी लिहून ठेवलं नाही. कारखान्यात नवीन संगणक आले, काकांना एक घड्याळ आणि फुलांचा गुच्छ देऊन निरोप दिला गेला. बावीस वर्षांत काय शिकलात, हे मात्र कोणी विचारलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही उशिराच सुचलं.

जपानला हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पडला. युद्धानंतर, १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत तिथे खूप मुलं जन्मली. त्यांनीच पुढे जपानचे कारखाने उभे केले. ही पिढी २००७ सालापासून साठीला पोहोचू लागली, आणि तिकडच्या वर्तमानपत्रांत "२००७ची समस्या" असा शब्दच रूढ झाला. हातात कला असलेली माणसं एकदम घरी जाणार, त्यांच्या जागी येणारी तरुण मुलं थोडी. ज्या देशात म्हातारे जास्त आणि मुलं कमी, तिथे रात्रपाळीला अनुभवी माणूस आणायचा कुठून?

त्यानंतर २०१२ सालात जपानमध्ये दोन मोठे अपघात झाले. ते आम्ही थोडे सविस्तर सांगतो, कारण दोन्हीत आमच्या नातवाचा हलवा आहे. हसू नका.

पहिला २२ एप्रिल २०१२चा, हिरोशिमाजवळ, मित्सुई केमिकल्स कंपनीच्या इवाकुनी-ओताके कारखान्यात. तिथे रेसॉर्सिनॉल बनवत. टायरमधला रबर आणि धागे एकमेकांना चिकटवायला ते लागतं. आदल्या रात्री वाफेचा पुरवठा बिघडला म्हणून कारखाना तातडीने बंद करावा लागला. रिअ‍ॅक्टरमध्ये सेंद्रिय पेरॉक्साइड होतं, म्हणजे गरम झालं की आपोआप फुटणारा आणि फुटताना आणखी उष्णता सोडणारा पदार्थ. सुरक्षेची व्यवस्था, जिला इंटरलॉक म्हणतात, ती आपोआप चालू झाली आणि रिअ‍ॅक्टर थंड होऊ लागला. पण फार हळू. तिथल्या माणसांना वाटलं, असा कधी थंड होणार? त्यांनी इंटरलॉक सोडवला. त्याबरोबर आतला द्रव घुसळत ठेवणारा वायूही बंद झाला. थंड पाण्याच्या नळ्या रिअ‍ॅक्टरच्या खालच्या भागात होत्या. घुसळणं थांबल्यावर खालचा द्रव थंड होत गेला आणि वरचा हळूहळू तापत राहिला. तास-दीड तास तसं काहीच दिसलं नाही. मग पहाटे सव्वादोनच्या सुमारास स्फोट झाला. एक कामगार दगावला, वीसहून अधिक माणसं जखमी झाली, आजूबाजूच्या घरांचंही नुकसान झालं.

दुसरा त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, हिमेजी शहरात, निप्पॉन शोकुबाई कंपनीत. हिमेजी ह्योगो प्रांतात आहे, म्हणजे कोबेच्याच प्रांतात. कोबे हे नाव आपल्या वाचकांना ठाऊक असेल: लिथुआनियातले जपानी अधिकारी सुगिहारा यांनी १९४० साली दिलेल्या व्हिसांवर हजारो ज्यू निर्वासित निघाले, ते याच बंदरात येऊन राहिले होते. तर हिमेजीच्या त्या कारखान्यात अ‍ॅक्रिलिक आम्ल बनतं. त्याच्यापासूनच पुढे बाळांच्या डायपरमधला पाणी शोषणारा पदार्थ तयार होतो. एका मोठ्या टाकीत हे आम्ल नेहमीपेक्षा जास्त भरलं गेलं. वरचा थर फिरता ठेवणारी व्यवस्था सुरू केलेली नव्हती, आणि टाकीत तापमापक नव्हता. आम्लाचे कण हळूहळू एकमेकांशी जुळत राहिले, उष्णता साठत राहिली, आणि एका वेळेनंतर सगळं हाताबाहेर गेलं. आग विझवायला आलेल्यांपैकी एक अग्निशामक जवान मृत्युमुखी पडला, छत्तीस जण जखमी झाले.

ढवळणारा हात थांबला. दोन्हीकडे तेच.

यातलं गणित मुलांना समजेल असं सांगतो. भांडं थंड करणारं पाणी सरळ रेषेत काम करतं: भांडं आणि पाणी यांच्या उष्णतेतला फरक दुप्पट झाला, तर पाणी साधारण दुप्पट उष्णता नेतं. पण आतली रासायनिक क्रिया अशी चालत नाही. ढोबळ मानाने दर दहा अंशांना ती दुप्पट होते. दहा अंश वाढले तर दुप्पट, वीस वाढले तर चौपट, तीस वाढले तर आठपट. सुरुवातीला पाणी पुढे असतं आणि सगळं ठीक दिसतं. ज्या क्षणी क्रिया पाण्याच्या पुढे जाते, त्या क्षणापासून ती मागे वळून बघत नाही. रामरक्षा म्हणा की शेमा म्हणा, थांबत नाही.

काही लोक म्हणतात, हुशार संगणक असता तर हे टळलं असतं. आम्हाला ते तितकंसं पटत नाही. ज्या टाकीत तापमापकच नाही तिथे संगणक काय बघणार? आंधळ्याला चष्मा देऊन उपयोग नसतो. पण एक गोष्ट खरी. इवाकुनीच्या माणसांना जर कोणी त्या रात्री दाखवू शकलं असतं, की आत्ता इंटरलॉक सोडला तर तासाभराने वरच्या थरात असं असं होईल, तर त्यांनी हात आवरला असता. आत्ताचं नव्हे, पुढचं दाखवणारं काहीतरी पाहिजे होतं.

आता त्या "पुढचं दाखवणाऱ्या" गोष्टीकडे येऊ. योकोगावा ही जपानची जुनी कंपनी, १९१५ साली तामिसुके योकोगावा नावाच्या एका वास्तुविशारदाने टोकियोत सुरू केलेली, विजेची मोजमापं करायची यंत्रं बनवण्यासाठी. १९७५ साली या कंपनीने सेंटम नावाची व्यवस्था काढली. तोवर मोठा कारखाना चालवायचा तर कंट्रोल रूमची भिंतच्या भिंत डायलांनी भरलेली असे. सेंटमने ते काम कारखानाभर पसरलेल्या छोट्या संगणकांत वाटून दिलं आणि चित्र पडद्यावर आणलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या हनीवेलनेही तशीच व्यवस्था आणली. पहिला कोण, यावर वाद घालायला आम्ही बसलेलो नाही.

पुढे २०१८ साली योकोगावा आणि नारा इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने मिळून एक नवी रीत बनवली. तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, थोडक्यात एफकेडीपीपी. यात संगणकाला नियम सांगत नाहीत. त्याला बक्षीस आणि शिक्षा देतात. व्हॉल्व्ह फिरव, बघ काय होतं. चांगलं झालं तर गुण, वाईट झालं तर गुण कापले. लहान मूल चालायला असंच शिकतं, पडतं आणि उठतं.

पण खऱ्या कारखान्यात पडायची सोय नसते! म्हणून आधी संगणकात त्या कारखान्याची हुबेहूब नक्कल करतात. किती द्रव आला, किती गेला, किती उष्णता शिरली, कुठल्या थाळीवर काय उकळलं, सगळं समीकरणांत बसवायचं, वाकड्या रेषांसकट. हेच ते अरेषीय मॉडेल. या खोट्या कारखान्यात यंत्र चुका करत करत शिकतं. टॉवर तुंबला तरी कोणाच्या नाकाला वास येत नाही. शिकून झालं की जाणकार माणसं तपासतात, याचे हात सुरक्षित मर्यादेत फिरतात का. मगच खरा व्हॉल्व्ह त्याच्या हाती देतात.

जेएसआर ही जपानची सिंथेटिक रबर बनवणारी कंपनी, १९५७ साली स्थापन झालेली. तिच्या एका कारखान्यात ऊर्ध्वपातनाचा एक टॉवर असा होता की त्याच्यावर पीआयडीची मात्रा चालत नव्हती आणि पुढचा विचार करणाऱ्या नियंत्रकाचीही नाही. त्यात दुसरीकडची वाया जाणारी उष्णता वापरायची होती, आणि ती कमी-जास्त होत असे. पाऊस पडला, बर्फ पडलं की बाहेरची हवा बदलून सगळं बिनसे. द्रवाची पातळीही सांभाळायची आणि मालाची शुद्धताही, म्हणजे एक धरलं की दुसरं सुटणार. तो टॉवर अनुभवी माणसं स्वतः अंदाजाने व्हॉल्व्ह फिरवून चालवत. काकांसारखी माणसं.

१७ जानेवारी २०२२ रोजी हा टॉवर यंत्राच्या हाती दिला. ऐन हिवाळ्यात. २१ फेब्रुवारीपर्यंत, सलग ३५ दिवस म्हणजे ८४० तास, यंत्राने तो स्वतः चालवला. खरा रासायनिक कारखाना इतके दिवस कृत्रिम बुद्धीने आपल्या आपण चालवण्याची जगातली ही पहिलीच वेळ, असं दोन्ही कंपन्यांनी मार्चमध्ये जाहीर केलं. सरकारने या कामाला पैसे दिले होते ते औद्योगिक सुरक्षेच्या योजनेतून, ही गोष्ट आम्हाला बोलकी वाटली. त्यानंतर त्या कंपनीचा रबराचा धंदा एनिओस मटेरियल्सकडे गेला, पण यंत्र काही काढून टाकलं नाही. उन्हाळा झाला, पावसाळा झाला, दुरुस्तीसाठी कारखाना बंद होऊन परत सुरू झाला. मार्च २०२३ मध्ये त्यांनी ते कायमचं वापरायचं ठरवलं. हाताने चालवण्याच्या मानाने त्या टॉवरला वाफ ४० टक्के कमी लागली, असं त्यांनी सांगितलं. माणूस सुरक्षेसाठी जरा जास्तच वाफ देतो. आमची साव्ताही हलव्यात साखर तशीच टाकते.

यंत्राचं कौतुक करावं, पण डोळे मिटून नको. ते शिकलं खोट्या कारखान्यात. तिथे जे लिहिलेलं नाही ते त्याला माहीत नाही. गेल्या महिन्यात पाइपात साचलेली घाण, बदललेला पंप, नव्या देशातून आलेला कच्चा माल, यापैकी काही मॉडेलमध्ये नसेल तर यंत्र चुकेल, आणि आपलं चुकतं आहे हे त्याला कळेलच असं नाही. माणूस निदान डोकं खाजवतो. म्हणून एक टॉवर जमला म्हणजे सगळा कारखाना जमला असं समजू नये.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही काकांना भेटायला गेलो. वय ब्याण्णव, कान जरा कमी, पण डोकं खणखणीत. नातवालाही बरोबर नेलं. आम्ही मराठीत सांगत होतो, नातू मधे मधे हिब्रूत भर घालत होता. पस्तीस दिवस यंत्राने टॉवर चालवला, हे ऐकून काका काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पाऊस पडला तेव्हा?"

"पाऊसही पडला, बर्फही पडलं. सांभाळलं त्याने."

"व्हॉल्व्ह फिरवल्यावर थांबत होता की लगेच दुसरा फिरवत होता?"

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नातू म्हणाला, "त्याला आधी खोट्या कारखान्यात शिकवलं, काका. तिथे घाई केली की त्याचे गुण कापले."

काका हसले. "कोणी कापले? ज्याने कापले त्याला माहीत असणार किती थांबायचं ते." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "आणि रात्रपाळीला त्याच्याबरोबर कोणी बसतं का?"

आम्ही म्हटलं, हो, माणसं कंट्रोल रूममध्ये असतातच, नुसता त्या व्हॉल्व्हला हात लावावा लागत नाही.

"मग बरं," काका म्हणाले, आणि नातवाकडे वळून आपल्या मोडक्या हिब्रूत त्याला तो चहाचा हिशेब समजावून सांगू लागले: कुठला व्हॉल्व्ह फिरवला की किती वेळ थांबायचं, आवाज कसा बदलतो, थंडीत किती आणि खमसीनच्या वाऱ्यात किती. पोराने फोन काढला. आम्हाला वाटलं, गेला हा खेळायला. पण तो लिहून घेत होता.